बुद्धिबळाचे डाव : मोजलेले आणि मानलेले

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गणिताच्या टेबलावर बुद्धिबळाचा एक तरी तक्ता असतोच. २०२४ साली गुकेश जगज्जेता झाला आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून अशा तक्त्यांना अधिकच बहर आला आहे, आणि त्यात वाईट काही नाही. तक्त्यावरची वाक्ये मात्र बहुधा तीच असतात. पहिली दोन चाली १,९७,७४२ प्रकारे खेळता येतात. पहिल्या चार चाली ३,१८,९७,९५,६४,००० प्रकारे खेळता येतात. पहिल्या दहा चालींसाठी हाच आकडा १६,९५,१८,८२,९१,००,५४४ आणि त्यापुढे पंधरा शून्ये इतका होतो. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरांत, विश्वात जितके अणू आहेत त्याहून अधिक स्थिती बुद्धिबळाच्या पटावर येऊ शकतात.

ही चार वाक्ये कोड्यांच्या पुस्तकांतून सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि तेथून फळ्यावर अशी फिरत असतात. मुले ती पाठ करतात, पाहुणे माना डोलावतात. चारही वाक्ये तपासून पाहिली तर एकही टिकत नाही. ती का टिकत नाहीत हे पाहणे मात्र त्या आकड्यांहून कितीतरी रंजक आहे, म्हणून हा लेख.

आमचे क्षेत्र रसायनशास्त्राचे. सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीतील प्रयोगशाळेत आमचा दिवस जातो तो आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्यात. एखाद्या नमुन्याची शुद्धता कोणी ९८.४३७२५६ टक्के अशी लिहून आणली, आणि तपासणीची पद्धतच अर्ध्या टक्क्याने मागेपुढे होणारी असली, तर तो कागद आम्ही परत पाठवतो. आकडा खोटा असतो असे नाही. त्याने स्वतःच्या ऐपतीपेक्षा जास्त अंक अंगावर घातलेले असतात. वरच्या तक्त्यातील दहा चालींच्या आकड्याकडे याच नजरेने पाहावे. सुरुवातीला पंधरा नेटके अंक आणि शेवटी पंधरा शून्ये! एकेक डाव मोजून आलेल्या संख्येच्या शेवटी पंधरा शून्ये येत नाहीत. येणे अगदीच अशक्य नाही, पण तसा योग हजार लाख कोटींत एकदा यायचा. म्हणजे ही संख्या कोणी मोजलेली नाही, कशाने तरी गुणून काढलेली आहे.

कशाने गुणली, याचा छडा लावण्यापूर्वी मोजणीची सुरुवात आपण स्वतः करून पाहू. पुस्तकांत पांढऱ्याचे एकदा आणि काळ्याचे एकदा खेळणे मिळून एक 'चाल' धरतात. येथे आपण एका खेळाडूच्या एकदा खेळण्याला 'खेळी' म्हणू. म्हणजे दोन खेळ्यांची एक चाल.

पहिल्या खेळीला पांढऱ्याजवळ २० पर्याय असतात. आठ प्यादी, प्रत्येकी एक किंवा दोन घरे, असे १६. आणि दोन घोडे, प्रत्येकी दोन जागा, असे ४. काळ्याजवळही तेवढेच, म्हणून दोन खेळ्यांचे ४०० क्रम. येथपर्यंत गुणाकार चालतो, कारण पांढऱ्याच्या पहिल्या खेळीने काळ्याच्या वाटेत काहीच येत नाही. तिसऱ्या खेळीपासून मात्र गुणाकार फसतो. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले असेल तर उंट, वजीर आणि राजा या तिघांची वाट मोकळी होते आणि त्याच्याजवळ ३० पर्याय येतात. वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले असेल तर २८. पण कडेचे प्यादे एकच घर सरकवले असेल तर हत्तीला एक घर मिळते आणि घोड्याची एक जागा जाते, म्हणून पर्याय उरतात १९. सुरुवातीपेक्षाही एक कमी! हे तिन्ही आकडे वर्गात पट मांडून पाच मिनिटांत पडताळता येतात. सगळ्या ४०० स्थितींत जाऊन अशी बेरीज केली की तीन खेळ्यांचे ८,९०२ क्रम मिळतात. वीसला वीसने आणि पुन्हा वीसने गुणून येणारे ८,००० नव्हेत.

चार खेळ्यांचे, म्हणजे दोन चालींचे, क्रम १,९७,२८१. तक्त्यावरच्या आकड्यात ४६१ जास्त आहेत. फरक पाव टक्क्याचाही नाही आणि प्रयोगशाळेत एवढ्या फरकाला कोणी नाव ठेवणार नाही. पण हे मोजमाप नाही, मोजणी आहे. वर्गात ४३ मुले असताना हजेरीत ४४ लागली तर आपण 'फरक थोडा आहे' असे म्हणत नाही. ते चव्वेचाळिसावे मूल कोण हे शोधतो.

या १,९७,२८१ पैकी आठ क्रमांत डाव तेथेच संपतो, मात होऊन. पांढऱ्याने राजाच्या उंटापुढचे प्यादे एक किंवा दोन घरे आणि त्याच बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे सरकवायचे, यांतले कोणते आधी ते त्याच्या मर्जीवर. काळ्याने राजापुढचे प्यादे एक किंवा दोन घरे सरकवून दुसऱ्या खेळीला वजीर थेट पटाच्या काठावर आणायचा. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. हे आठ क्रम पाचव्या खेळीत जात नाहीत. येथेच 'डाव' आणि 'खेळ्यांचा क्रम' यांतला फरक दिसतो. जे संगणक मोजतो ते क्रम; त्यांतले संपलेले डाव फारच थोडे असतात. तक्त्यांवर दोन्हींना एकच शब्द वापरलेला असतो.

पाच खेळ्यांचे क्रम ४८,६५,६०९, सहांचे ११,९०,६०,३२४, सातांचे ३,१९,५९,०१,८६० आणि आठांचे, म्हणजे चार चालींचे, ८४,९९,८९,७८,९५६. हा शेवटचा आकडा तक्त्याशी ताडून पाहावा. तक्त्यावरचा आकडा जवळजवळ पावणेचार पट मोठा आहे. हा काही हजेरीतला फरक नव्हे.

आता त्या जुन्या आकड्यांचा छडा. दहा चालींच्या वीस खेळ्या होतात आणि चार चालींच्या आठ, उरल्या बारा. बुद्धिबळात एका खेळीला साधारण ३० पर्याय असतात असे पूर्वापार मानतात. तेव्हा दहा चालींच्या संख्येला ३० च्या बाराव्या घाताने भागून पाहावे. भाग निःशेष जातो! उत्तर येते ३,१८,९७,९५,८४,०००. तक्त्यावर चार चालींचा आकडा आहे ३,१८,९७,९५,६४,०००. सगळे अंक तेच, फक्त ८ च्या जागी ६. म्हणजे कधीतरी कोणा खिळे जुळवणाऱ्याने किंवा नक्कल करणाऱ्याने एक अंक चुकवला आणि ती चूक पिढ्यान् पिढ्या पुस्तकांतून तशीच उतरत आली. दोन्ही आकडे एकाच तक्त्यावर शेजारी शेजारी असतात. भागाकार करून पाहिला असता तर केव्हाच सापडली असती.

मग हे ३,१८,९७,९५,८४,००० तरी कोठून आले? त्याचे अवयव पाडून पाहिले तर ११, २९, ३१ असे ओळखीचे मूळ अवयव बाहेर पडतात. पहिल्या दोन खेळ्यांचे वीस-वीस बाजूला काढले की उरलेली संख्या २८ × २९ × ३० × ३१ × ३२ × ३३ या गुणाकाराशी तंतोतंत जुळते. आम्हाला तरी शंका उरलेली नाही. ज्या कोणी हा हिशेब मांडला त्याने तिसऱ्या खेळीला २८ पर्याय धरले, पुढे प्रत्येक खेळीला एकेक वाढवला आणि आठव्या खेळीनंतर कंटाळून सरसकट ३० धरले. २८ हा आकडा वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवल्यावर येतो हे आपण पाहिलेच. शहाणा खेळाडू कडेचे प्यादे एक घर सरकवून डाव उघडत नाही. म्हणजे हा शहाण्या खेळाडूंच्या डावांचा अंदाज होता आणि तो सर्व शक्य डावांची मोजणी म्हणून खपला. प्रत्यक्षात तिसऱ्या खेळीला सरासरी पर्याय सव्वाबावीसच भरतात.

संगणकापूर्वीच्या काळात कागदावर असा अंदाज बांधणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याने सुरुवातीला पर्याय जास्त धरले आणि पुढे थोडे कमी. दहा चालींपर्यंत या दोन चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात आणि त्याचा आकडा आजच्या अंदाजाच्या दुपटीच्या आसपासच राहतो. दोष द्यायचा तो मागून आलेल्यांना. त्यांनी अंदाजाचे सगळे अंक जपले आणि 'अंदाज' हा शब्द तेवढा गाळला.

संगणक ही मोजणी कशी करतो? कृती मुलालाही समजेल अशी आहे. पट मांडायचा, नियमात बसणारी पहिली खेळी करायची, मग पुढच्याची पहिली, असे ठरलेल्या खोलीपर्यंत जायचे. तेथे एक मोजायचा, शेवटची खेळी मागे घ्यायची, तिच्या जागी दुसरी करायची. सगळ्या फांद्या संपेपर्यंत हेच. सेकंदाला एक कोटी क्रम मोजणारा साधा प्रोग्रॅम सहा खेळ्या बारा सेकंदांत उरकतो. आठ खेळ्यांना त्याला सव्वादोन तासांहून अधिक लागतात, दहा खेळ्यांना ऐंशी दिवस आणि पंधरा खेळ्यांना सुमारे ६४ लाख वर्षे. तरीही पंधरा खेळ्यांचा आकडा मोजून झालेला आहे. ते कसे जमले यातच खरी गंमत आहे.

तीन खेळ्यांचे क्रम ८,९०२, पण त्यांतून तयार होणाऱ्या निरनिराळ्या स्थिती फक्त ५,३६२. कारण आधी घोडा मग प्यादे, की आधी प्यादे मग घोडा, पट शेवटी सारखाच दिसतो. चार खेळ्यांना क्रम जवळजवळ दोन लाख, तर स्थिती सुमारे ७२ हजार. खोल जावे तशी ही तफावत वाढते. तेव्हा एखाद्या स्थितीपासून पुढे किती क्रम निघतात हे एकदा मोजले की ते वहीत टिपून ठेवायचे. तीच स्थिती दुसऱ्या वाटेने पुन्हा आली की वही उघडायची, मोजायचे नाही. याशिवाय काम शेकडो प्रक्रियकांत वाटून देता येते, कारण एका फांदीचा दुसरीशी संबंध नसतो. या दोन युक्त्यांनी लाखो वर्षांचे काम माणसाच्या आयुष्यात बसते. प्रत्येक क्रम स्वतंत्रपणे मोजला नाही तरी ही मोजणीच आहे, अंदाज नाही.

पण संगणकाने दिला म्हणून आकडा बरोबर, असे मानणे म्हणजे तक्त्यावरची चूक नव्या यंत्रावर करणे. असे प्रोग्रॅम लिहिणारे लोक ही मोजणी करतात तीच मुळी प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यासाठी. दोन घरे सरकलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारण्याचा जो नियम आहे तो पाचव्या खेळीला प्रथम लागू पडतो. तशा २५८ शक्यता त्या खेळीला असतात. हा नियम लिहायला विसरलेला प्रोग्रॅम चार खेळ्यांपर्यंत अगदी बरोबर उत्तरे देतो आणि पाचव्याला ४८,६५,६०९ ऐवजी ४८,६५,३५१ सांगतो. किल्लेकोट सातव्या खेळीच्या आधी शक्यच नाही. म्हणजे किल्लेकोटाचा नियम चुकलेला प्रोग्रॅम सहा खेळ्यांपर्यंत, पावणेबारा कोटींहून अधिक क्रम मोजूनही, एकाचीही चूक करत नाही. प्यादे शेवटच्या घरात पोचून बढती मिळायला नववी खेळी उजाडावी लागते. 'शंभर उदाहरणांत बरोबर आले, म्हणजे सूत्र खरे' असे म्हणणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

दुसरा सापळा अधिक मजेदार आहे. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण सर्वजण सांगतो. ६४ घरांतील दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते. आजचे संगणक आकडा साठवायला सर्रास ६४ द्विमान अंकांचा कप्पा वापरतात, आणि त्या कप्प्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच, एका दाण्याचाही फरक नाही! तेरा खेळ्यांचे क्रम १९,८१,०६,६७,७५,००,०३,९६,२३९. हे कप्प्यात मावतात. चौदांचे आहेत ६,१८,८५,०२,१५,२१,५८,५५,२९,२३७. हे मावत नाहीत. जुन्या ट्रकचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसा हा कप्पा तीन वेळा भरून रिकामा होतो आणि पडद्यावर उमटते ६५,४४,७८,९३,००,४५,६८,७४,३८९. संगणक तक्रार करत नाही, तांबडा दिवा लागत नाही. आकडा दिसायला तर अस्सल आहे, शेवटी शून्येही नाहीत.

मग ओळखायचे कसे? मागच्या आकड्याने भागून. पहिल्या खेळ्यांत दर खेळीला संख्या वीस-बावीस पटीने वाढते, दहाव्या खेळीच्या सुमारास अठ्ठावीस पटीने, तेराव्याला साडेएकतीस पटीने. चौदाव्याला ती एकाएकी साडेतीन पटीहूनही कमी वाढली, तर काहीतरी बिनसले आहे हे भागाकार येणाऱ्या कोणालाही कळेल. त्यासाठी बुद्धिबळ येण्याचीही गरज नाही.

पंधरा खेळ्यांचा आकडा २,०१,५०,९९,९५,००,५३,३६,४४,७१,९६०. आम्हा रसायनवाल्यांना अशी संख्या थेंबाने मोजण्याची सवय असते. अॅव्होगॅड्रोच्या संख्येवरून हिशेब केला तर ०.०६ मिलिलिटर पाण्यात, म्हणजे ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका टपोऱ्या थेंबात, जवळजवळ एवढेच रेणू असतात. साडेसात चालींचे बुद्धिबळ म्हणजे एक थेंब. मुलांना हे वाक्य विश्वातील अणूंपेक्षा अधिक समजते असा आमचा अनुभव आहे, आणि ते पडताळताही येते.

येथून पुढे मोजणीची हद्द संपते आणि अंदाजाची सुरू होते. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडलेला हिशेब असा. एका चालीला, म्हणजे दोन खेळ्यांना, साधारण हजार पर्याय धरा. डाव चाळीस चालींचा धरा. हजाराचा चाळिसावा घात म्हणजे १ वर १२० शून्ये. शॅनन यांना डावांची संख्या सांगायची नव्हतीच. सगळे डाव तपासून खेळणारे यंत्र कधीच होणार नाही, तेव्हा दुसरी वाट शोधली पाहिजे, एवढे पटवायचे होते. त्यासाठी १२० शून्यांऐवजी १०० असती तरी त्यांचे काम भागले असते. त्यांचा अंदाज मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. पंधरा खेळ्यांना त्यांच्या हिशेबाने जो आकडा येतो तो खऱ्याच्या सुमारे सोळा पट भरतो. अंदाज म्हणून हे अजिबात वाईट नाही.

पण चाळीस चाली का? डाव त्याहून लांबू शकतो. किती लांबू शकतो हे शाळेच्या अंकगणितात बसते. २०१४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सलग ७५ चालींत एकही प्यादे हलले नाही आणि एकही सोंगटी मारली गेली नाही तर डाव आपोआप बरोबरीत सुटतो. सोळा प्यादी प्रत्येकी जास्तीत जास्त सहा वेळा हलतील, म्हणजे ९६. दोन राजे सोडून ३० सोंगट्या मारल्या जातील. समोरासमोरची प्यादी एकमेकांना ओलांडून जायची तर निदान आठ वेळा प्याद्याने तिरके मारावे लागते. ते दोन्हीकडे मोजले गेले, म्हणून आठ वजा. राहिल्या ११८ घटना. प्रत्येकीआधी ७५ चाली रेंगाळत काढल्या तर ८,८५० चाली. बारकाव्यात एक-दोन चाली कमी होतात. म्हणजे सुमारे १७,७०० खेळ्या. कोणत्याही स्थितीत पर्याय २१८ पेक्षा अधिक नसतात. तेव्हा सर्व डावांची संख्या कितीही मोठी असली तरी ती ४१,४०० अंकांच्या आत लिहिता येईल. पानावर तीन हजार अंक बसवले तर चौदा पाने.

आता याच्या शेजारी हार्डी यांचा आकडा ठेवू. रामानुजनांच्या कार्यावरील व्याख्यानांच्या १९४० सालच्या पुस्तकात जाता जाता त्यांनी बुद्धिबळाच्या डावांची संख्या सुचवली आहे. दहाचा घात, आणि तो घातांक म्हणजे १ वर ५० शून्ये. या संख्येतील अंकच १ वर ५० शून्ये इतके होतील. पृथ्वीवर एकूण अणूही साधारण तेवढेच आहेत, म्हणजे एका अणूवर एक अंक कोरला तरी सगळी पृथ्वी खर्ची पडेल. कोठे चौदा पाने आणि कोठे हे! यात हार्डी चुकले असे आम्ही म्हणणार नाही. रेंगाळण्यावर बंधन नसेल आणि फक्त तीच स्थिती पुन्हा पुन्हा येण्याला मनाई असेल, तर डाव पटावरील स्थितींच्या संख्येइतका लांबू शकतो आणि मग असाच राक्षसी आकडा येतो. नियमातले एक कलम बदलले की उत्तर पृथ्वीएवढ्या पाटीवरून चौदा पानांवर येते. 'बुद्धिबळात किती डाव शक्य आहेत?' हा प्रश्न, कोणत्या नियमांनी ते सांगितल्याशिवाय, पुराच होत नाही. तक्त्यावर ते कधीच सांगितलेले नसते.

राहिले विश्वातील अणू. दृश्य विश्वातील अणूंची संख्या १ वर ८० शून्ये अशी साधारण धरतात. डावांची संख्या त्याहून फार मोठी आहे हे वाक्य बरोबर आहे. पण तक्त्यावर लिहिलेले असते 'स्थिती', आणि स्थितींची गोष्ट अगदी वेगळी. पटावर नियमाने येऊ शकणाऱ्या स्थितींचा आजचा सर्वांत विश्वसनीय अंदाज जॉन ट्रॉम्प यांचा आहे. त्यांनी पटावरील असंख्य मांडण्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे नमुने काढले आणि त्यांतल्या किती नियमात बसतात हे तपासून एकूण संख्या ठरवली. ती ४.८ गुणिले दहाचा ४४ वा घात अशी आहे. विश्वाचे सोडाच, पृथ्वीवरील अणूंपेक्षाही ही संख्या फार लहान आहे. प्रत्येक स्थितीला दोन लाखांहून अधिक अणू वाट्याला येतील. अक्षरे मोजकी, पण त्यांतून होणारी वाक्ये अगणित, यासारखाच हा भेद आहे. तो न कळता लिहिलेले वाक्य मुलाच्या मनात विस्मय निर्माण करते खरे, पण विचारायला काही ठेवत नाही. आमचा आक्षेप मुख्यतः एवढाच आहे. प्रदर्शनात एखाद्या मुलीने 'हे कोणी मोजले?' असे विचारले तर तक्त्याशेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे उत्तर असायला हवे. आणि काही आकड्यांपुरते तरी ते 'आम्ही मोजले' असे असायला हरकत नाही.

त्यासाठी संगणक लागतोच असे नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीत दुपारच्या सुटीत गेटजवळच्या लिंबाखाली पट मांडला जातो. तेथे मोहोळकडचे एक जुने फिटर अजून देशी नियमांचा आग्रह धरतात. प्यादे पहिल्यांदाही एकच घर सरकणार, किल्लेकोट नाही, आणि शह बसला नसेल तोवर राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी. हे नियम प्रांतोप्रांती थोडे वेगळे असत. १८१४ साली मुंबईत छापलेले त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक 'युरोपीय पद्धतीला अनुसरून' असे सांगूनच निघाले होते, यावरून आपली पद्धत तेव्हा निराळी होती हे उघड आहे. या देशी डावाची मोजणी आम्ही छापलेली पाहिली नाही, म्हणजे तक्त्यावरून उतरवून घेण्याची सोय नाही. वर्गासाठी हे उत्तमच.

सुरुवात करून देतो. प्याद्यांच्या ८, घोड्यांच्या ४ आणि राजाच्या उडीच्या २, कारण उडीच्या चार जागांपैकी दोन जागी आपलीच प्यादी उभी असतात. एकूण १४. काळ्याजवळही १४, म्हणून दोन खेळ्यांचे १९६. तिसऱ्या खेळीला मात्र जपून. उडी मारून पुढे आलेल्या राजाला पुन्हा उडी नाही, पण आता एकेक घर चालायला त्याच्यापुढे मोकळे मैदान आहे. आणि काळ्याने दुसऱ्या खेळीला घोडा बाहेर काढला असेल तर त्या मैदानातले एखादे घर राजाला बंद होते. चौदाला चौदाने आणि पुन्हा चौदाने गुणून ते उत्तर येणार नाही. पट, कागद, पेन्सिल आणि दोन तासिका पुरतील. दोन गटांना वेगवेगळे मोजायला सांगावे आणि दोघांचे आकडे जुळेपर्यंत कोणालाही घरी सोडू नये.